तोंडातली कात्री

मेणाची ती गोळी अंगठ्याच्या उबेनं जरा मऊ झाली, ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळट, मधाचा पुसट वास असलेली, आणि अंजनीनं ती वरच्या ओठाआड सरकवून तारेच्या टोकावर दाबली. टोक टोचायचं थांबलं. दुखायचं मात्र थांबलं नाही, कारण दुखणं त्या टोकाचं नव्हतंच. ते आतून, मुळातून येत होतं, समोरच्या दोन दातांतल्या डाव्याच्या... जिभेनं हात लावू नको, असं डॉक्टर म्हणाले होते. जिभेला हात कुठले? पण जीभ गेलीच. दात हलला. कालच्यापेक्षा जास्त हलला की तेवढाच? रोज सकाळी हाच प्रश्न, आणि उत्तर द्यायला तीच एक जीभ, जिला कालचं काही आठवत नाही.

सोप्यात मनुआत्ती मिश्री लावत बसली होती. अंजनीच्या वडिलांची, आप्पांची, ही थोरली बहीण निपाणीची, तंबाखूच्या पेठेतली. चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे शहापुरात आली आणि अंजनीचं तोंड बघून राहिली. तिच्या स्वतःच्या तोंडात दात असे थोडेच उरले होते, पण दातांबद्दलची मतं मात्र एकूण एक शाबूत होती. मिश्रीनं हिरडी घट्ट होते. तारेनं दात मरतो. देवानं दिलेलं वाकडं असलं तरी ते सरळ करायला जाऊ नये. आणि निपाणीच्या बाजारात भावकू म्हणून एकजण बसतो, तो हलता दात असा काढतो की माणसाला कळायच्या आत तळहातावर. हे सगळं ती तोंडात बोट फिरवत सांगायची, त्यामुळं त्यातलं निम्मंच कळायचं, आणि तेवढंही पुष्कळ होतं.

आज दुपारी कँपात, गोऱ्यांच्या छावणीत, डॉक्टरांकडे जायचं होतं. तार काढून घ्यायला. आप्पा कधी कशात बोलत नाहीत, पण काल जेवताना अंजनीनं मऊ भाताचाही घास उजव्या दाढेकडे वळवलेला त्यांनी पाहिला, आणि ताटावरून न उठताच म्हणाले, "काढूनच ये बाई ती." आप्पांचा शब्द म्हणजे घरात शेवटचा शब्द, कारण त्यांचे शब्दच इतके कमी. मग तार निघणार. मग हा दात पडणार, आज ना उद्या, भावकूच्या तळहातावर नाहीतर भाकरीच्या तुकड्यात. आणि उरलेला जन्म अंजनी पुढच्या फटीवर पदर धरून काढणार.

पदर तर ती आताही धरतेच. कळायला लागल्यापासून धरते. हसू आलं की आधी हात तोंडाशी जातो, मग हसू येतं, इतकी त्या दोघांची जुनी ओळख. दात पुढं होते, आईसारखे. ओठ मिटायचे म्हटलं तर ओढून आणावे लागायचे. गल्लीतल्या पोरींनी नावं ठेवली, शाळेतल्या मास्तरीणबाईंनी ठेवली, आणि एकदा बघायला आलेल्यांनी तर तोंडावर काही म्हटलंच नाही, नुसती एकमेकांकडे नजर टाकली. ते सगळ्यात वाईट.

म्हणून तर... गेल्या वर्षी पिंटो डॉक्टर बायकोबरोबर घरात विणलेली लुगडी बघायला आले होते. गोव्याकडचे, कलकत्त्याला दातांचं शिकून आलेले. कँपातल्या गोऱ्या सोल्जरांचे दात बघायचे. बाई काठ बघत होत्या आणि डॉक्टर अंजनीकडे, तेही असे की आधी तिला रागच आला. मग ते आप्पांना म्हणाले, हे दात मागं नेता येतात; दाढांना टोप्या बसवायच्या, तार लावायची, हळूहळू ओढायचं. पैसे नकोत, बाईंसाठी एक लुगडं विणून द्या. आप्पा हसले. आत्ती असती तर तिनं झाडूच घेतला असता. आणि अंजनी, जिनं परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं, ती म्हणाली, "करा."

एकच शब्द. तो तिचा होता, दुसऱ्या कुणाचा नाही. आज तार निघाली तर तो शब्दही निघून जाणार, टोप्यांबरोबर, डॉक्टरांच्या त्या पांढऱ्या वाटीत खळ्ळकन.

आणि काम होत होतं, हे कसं विसरायचं? पावसाळा संपता संपता एके सकाळी ती मागावर बसली होती आणि काहीतरी वेगळं वाटत होतं, काय ते कळेना. बऱ्याच वेळानं कळलं, ओठ मिटलेले आहेत. तिनं मिटले नव्हते. ते आपले आपण मिटले होते, शेजारणी बोलत बोलत जवळ येऊन बसाव्यात तसे. त्या दिवशी ती कुणाशी बोलली नाही. आप्पांना वाटलं, काही बिनसलंय. बिनसलं काही नव्हतं, ओठ उघडायचे नव्हते एवढंच.

मग दिवाळीनंतर हा डावा हलायला लागला. हिरडी सुजली, लाल झाली. डॉक्टरांनी आरशाची काडी आत घालून बराच वेळ बघितलं, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, "बाय, तू काही चावतेस? सुपारी? नखं?" नाही म्हटलं. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. आठवून सांग, काहीतरी चावतेस. नाही, नाही, नाही. सुपारीला मी शिवत नाही, चिरमुरेसुद्धा भिजवून खाते, ऊस तर वर्षभर बघितलाही नाही, आणि हा माणूस म्हणतो चावतेस... स्वतःची चूक माझ्या तोंडात घालतोय. आत्तीनं हे ऐकलं आणि तिचं ठरलं. अंजनीचंही जवळजवळ ठरलं. विश्वास म्हणजे काय, कुणीतरी तुमच्या तोंडात बोटं घालतो आणि तुम्ही चावत नाही. पण तो तुम्हाला खोटं ठरवायला लागला तर?

दुपारपर्यंत वेळ होता, म्हणून ती मागावर बसली. पाय मागाखालच्या खड्ड्यात, पावड्यांवर. आईचा माग. आई गेल्यावर तो आपोआप तिच्याकडे आला, जसे दात आले होते. वर चढलेलं लुगडं होतं ते डॉक्टरीणबाईंचंच, जांभळं अंग, लाल रेशमी काठ. मनात आलं, विणू नये. तार काढायची तर लुगडं कशाला द्यायचं? पण माग रिकामा बघवत नाही आणि हातांना काही ते भांडण कळत नाही. धोटा इकडून तिकडं, फणी पुढं, पावडी खाली. डाव्या काठाचा एक धागा तुटला. नेहमीचंच, हे रेशीम या खेपेला हलकंच आलं होतं. तिनं दोन टोकं हुडकली, गाठ मारली, आणि—

कळ अशी गेली की डोळ्यांसमोर सगळं जांभळं झालं.

ती तशीच थांबली. उजव्या हातात गाठ. मान डावीकडे वाकलेली. आणि तोंडात... तोंडात काय? जिभेवर काहीतरी होतं, केसाएवढं. तिनं ते बोटावर घेतलं. लाल रेशमाचं टोक. ओलं.

हे कुणी तोडलं?

खुळ्यासारखा प्रश्न, पण तो तिनं खरोखरच विचारला, कारण तोडल्याचं तिला आठवत नव्हतं. गाठ मारल्याचं आठवत होतं, आणि मग कळ. मधलं काही नाही. तिनं खाली पाहिलं. खड्ड्याच्या डाव्या काठाशी, तिच्या गुडघ्यापाशी, बारीक लाल टोकांचा सडा पडला होता. रोज संध्याकाळी ती तो झाडून काढायची. आई झाडायची, म्हणून तीही झाडायची. टोकं पडलेली असायचीच. मागाजवळ टोकं पडतात, चुलीजवळ राख पडते, त्यात विचारायचं काय?

आई कात्रीला हात लावायची नाही. गाठ मारायची, मान वाकवायची, कट्. आणि छोट्या अंजनीकडे बघून, पदराआडून म्हणायची, "देवानं आपल्याला कातर तोंडातच दिलीया बघ." दात पुढं असण्याचा तेवढाच एक फायदा तिला सापडला होता, आणि तो तिनं लेकीला दिला, मागासकट. सूत हातानं तटकन तुटतं. रेशीम हातानं तुटत नाही, ते ताणत जातं, दातात धरून हिसका द्यावा लागतो. आणि रेशमी काठाचं हे लुगडं मागावर चढलं कधी? दिवाळीनंतर.

डॉक्टर तारेनं दात मागं ओढत होते आणि त्यांच्याच बायकोच्या लुगड्यासाठी मी तो दिवसभर पुढं ओढत होते... मी. सुपारी नाही, ऊस नाही, नखं नाही, मी काही चावत नाही म्हणून छातीवर हात ठेवून सांगणारी मी. खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही.

लाज वाटायला हवी होती. ती वाट बघत बसली लाजेची. आली नाही. त्याऐवजी पोटातून काहीतरी वर येत गेलं, गरम, आणि ते काय आहे हे ओळखायला तिला वेळ लागला, कारण ते तिच्या वाट्याला फारसं आलेलं नव्हतं. ते जिंकल्यासारखं वाटणं होतं. चूक डॉक्टरांची असती तर तिला नुसतं रडायचं राहिलं असतं. दैवाची असती तरी तेच. पण चूक माझी आहे, माझीच, म्हणजे ती सुधारायला मला कुणाच्या दारात जायला नको.

कँपापर्यंतच्या वाटेनं आत्ती बोलत होती आणि अंजनी ऐकत नव्हती. दवाखान्यात ती त्या उंच खुर्चीवर बसायच्या आधीच उभ्या उभ्या सांगून मोकळी झाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा ऐकलं आणि त्यांना कळलं नाही. मग तिनं मान वाकवून, न दिसणारा धागा दातात धरून दाखवला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी दात बोटांत धरून हलवून पाहिला, हिरडी दाबली. मग ओशाळून म्हणाले की लुगडं राहू दे, बाईला मी सांगतो.

आत्ती पुढं सरकली. तिला लुगड्याशी कर्तव्य नव्हतं. "ते ऱ्हाऊ द्या. दात ऱ्हातोय का पडतोय तेवढं सांगा. न्हायतर तार काढा. आमचा भावकू बघून सांगतोय."

डॉक्टरांनी आरशाची काडी खाली ठेवली. "माहीत नाही," ते म्हणाले. "दोरा तोडायचं थांबलं तर राहील असं मला वाटतं. पण माहीत नाही."

आत्तीनं अंजनीकडे बघितलं, बघ म्हणून. आणि अंजनीला त्याच वेळी, त्या स्पिरिटच्या वासाच्या खोलीत, लख्ख दिसलं की आजवर तिच्या तोंडाबद्दल ज्यांनी ज्यांनी काही सांगितलं त्या सगळ्यांना सगळं माहीत होतं. आत्तीला माहीत होतं. भावकूला न बघताच माहीत होतं. बघायला आलेल्यांना तर एका नजरेत माहीत झालं होतं. माहीत नाही असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. त्यानं दोनदा विचारलं होतं, काय चावतेस म्हणून. तो तिला खोटं ठरवत नव्हता, त्याला खरंच ठाऊक नव्हतं आणि ते जाणून घ्यायचं होतं.

"तार ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लुगडं बी पुरं करणार हाय मी. आप्पांना मी सांगतो."

आप्पांना सांगायला फार शब्द लागले नाहीत. त्यांनी ऐकलं, उठले, फळीवरची कात्री काढली, तिला सुतळी बांधली आणि ती सुतळी मागाच्या खांबाला, अंजनीच्या डाव्या हाताला पोचेल अशी अडकवली. झालं त्यांचं भाषण.

उन्हं सोप्यातून मागं सरकत होती तेव्हा ती पुन्हा मागावर बसली. आत्ती मागे भिंतीला टेकून बसली होती, हरलेली नव्हती, नुसती थांबलेली. "जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाय," ती मिश्रीच्या डबीला म्हणाली. अंजनीच्या मनात आलं, आणि आईची? गेलेल्या माणसाची खोड जात असेल तर ती जाते कुठं? माझ्या मानेत येऊन राहते, माझ्या गुडघ्यापाशी लाल लाल पडते. ती मोडायची म्हणजे आईचं थोडं काही मोडायचंच. हे तिला वाटलं, आणि वाटू दिलं तिनं.

धोटा गेला, आला. फणी. पावडी. डाव्या काठाचा धागा तुटला.

टोकं हुडकली. गाठ मारली. आणि मान वाकली, आपली आपण. हात वर आला. ओठ सुटले, धागा ओठाला लागला, रेशमाचा तो गार स्पर्श... आणि तिथं, त्या एवढ्याशा जागेत, दात आणि धागा यांच्यामध्ये, ती स्वतः उभी होती. पहिल्यांदाच. तिथं आजवर कुणी नसायचं. मान थांबली. हात थांबला. मग तो खाली आला, गाठ धरून, आणि डाव्या हातानं सुतळी ओढून कात्री जवळ घेतली. कट्. बेताल, जाडसर आवाज, आईच्या कट्सारखा मुळीच नाही.

तिला हसू आलं. असं की आवरेना. पण एका हातात गाठ होती आणि दुसऱ्यात कात्री, आणि तोंडाशी न्यायला तिसरा हात नव्हता. तेव्हा ते हसू तसंच बाहेर पडलं, उघडं, तारेसकट, टोप्यांसकट, हलत्या दातासकट. माग थांबला होता, म्हणून ते सगळ्या सोप्यात ऐकू गेलं.

आत्ती बोट तोंडातच ठेवून बघत राहिली. मग तिनं बोट काढलं, पदराला पुसलं.

"आगं बया," ती हळू म्हणाली, "तुझी आई लगीन हून आलती तवा अशीच हसायची की गं. मागनं झाकाय लागली."

अंजनीनं आईला कधी हसताना पाहिलं नव्हतं. पदर पाहिला होता. तिनं ओठ मिटून बघितले, तर ते मिटले, आणि लगेच पुन्हा सुटले. दात हलतच होता. तो राहील की पडेल हे अजूनही कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याची तिला आता भीती वाटेना. तिनं पाय पावडीवर ठेवला, नजर डाव्या काठावर, एकेका लाल धाग्यावरून फिरवली. विणकराच्या पोटी जन्माला येऊन आज पहिल्यांदाच ती धागा कधी तुटतो याची वाट बघत होती.