राणीची हिरवी अंडी

मास्तरांच्या कोंबडीच्या नाकातला पू पुसताना पाखरांच्या डॉक्टरीणबाईंना किळस आली नाही. किळस आली ती मास्तरांनी त्याच चोचीचा मुका घेतला तेव्हा. मास्तर शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले, घरात दुसरं माणूस नाही, आणि ही तपकिरी राणी त्यांच्या उशीवर झोपायची. ती फिकट हिरव्या कवचाची अंडी घालायची. मास्तरांना त्याचं एवढं कौतुक, की जणू तो रंग त्यांनीच कालवला होता.

राणीला लागू पडेल असं औषध एकच उरलं होतं, आणि त्याच्या बाटलीवर कुत्र्यामांजरांची चित्रं होती. पोपटाला ते डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देऊ शकतात, कायदा आड येत नाही. कोंबडीला मात्र साफ बंदी. ती उशीवर झोपो नाहीतर सिंहासनावर, कायद्याच्या लेखी ती माणसाच्या ताटातली. औषध तिच्या अंड्यात उतरतं आणि अंड्यातून खाणाऱ्यात. बाईंनी हे सगळं नीट समजावलं. मास्तर म्हणाले, पोटच्या पोरीसारखी आहे ती, तिची अंडी कोण खाईल? मग तपासणीच्या टेबलावरच डोकं टेकून रडू लागले.

बाई विरघळल्या. औषध दिलं, आणि एकही अंडं खायचं नाही, सगळी फेकून द्यायची, अशी शपथ घातली. परवाना गेला तर आपला जाईल, एवढाच हिशेब त्यांनी केला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दवाखाना खाली आणि घर वर. वर त्यांची धाकटी बहीण विश्रांतीला आली होती. आधी दोनदा पोटातलं गेलेलं, हे तिसरं टिकलं होतं, म्हणून सगळे तिला तळहातावर झेलत होते. तिला अन्नाचा वास सोसत नव्हता. फक्त उकडलेलं अंडं तेवढं पोटात ठरायचं. आई ते रोज उकडायची, सोलायची, आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहायची.

राणी बरी झाली. उरलेला डोस चालू होता, मास्तर रस्त्यात भेटले की लवून नमस्कार करायचे, आणि बाईंना आपण केलं ते बरंच केलं असं वाटू लागलं होतं.

एका सकाळी ऑम्लेटचा शेवटचा घास तोंडात ठेवूनच बाई ताटली घेऊन उठल्या. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं. वरच कवचं पडली होती, फिकट हिरवी.

घास गिळलाही जाईना आणि टाकताही येईना. शेवटी त्यांनी तो बेसिनमध्ये थुंकला. नळ सोडून त्या तशाच वाकून उभ्या राहिल्या. आई मागून म्हणाली, मास्तर आणून देतात, फार भला माणूस. तू कुणाकडून काही घेत नाहीस म्हणून तुला सांगू नका म्हणाले.

बहीण अजून झोपलेली होती. बाई चपला घालून थेट मास्तरांकडे गेल्या. दार उघडंच होतं. मास्तर सोफ्यावर बसले होते, जिभेवर दाणे ठेवलेले, आणि राणी ते एकेक टिपत होती. सोफ्याच्या हातावर विष्ठा वाळून पांढरी झाली होती. बाईंनी नाकाला ओढणी लावली.

मास्तरांनी दाणे गिळले आणि अभिमानाने सांगितलं, "मी एकही खाल्लं नाही. शब्द म्हणजे शब्द."

"मी फेका म्हणाले होते."

"राणीची अंडी उकिरड्यावर? माझ्या हातून नाही होणार ते. तुम्ही माझी पोर वाचवलीत. म्हटलं, तुमच्या घरच्या लेकीच्या अंगी लागू देत."

"त्यात औषध होतं, मास्तर."

"उकडल्यावर कसलं राहतंय औषध," मास्तर म्हणाले, आणि राणीच्या तुऱ्यावरून गाल फिरवला.

बाईंना त्या म्हाताऱ्याची शिसारी आली, त्या ओल्या चोचीची आली, त्या खोलीतल्या उबट वासाची आली. मास्तरांचा जिना उतरताना मात्र त्यांना आठवलं ते दवाखान्यातलं टेबल आणि त्यावर टेकलेलं डोकं. ते रडणं बघून आपल्याला थोडं बरंही वाटलं होतं, कुणीतरी आपल्यापुढे इतकं लवलं म्हणून. त्या आठवणीने तोंडाला पुन्हा पाणी सुटलं, ओकारीपूर्वीचं.

घरी बहीण बशी पुढ्यात घेऊन बसली होती. अंडं सोललेलं, एक घास तोडलेला. बाईंनी बशी उचलून घेतली. बहीण नुसती बघत राहिली, तिचा एक हात पोटावर होता.

बाईंनी तिच्यासमोरच तिच्या डॉक्टरांना फोन लावला. औषधाचं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या, आज काही सांगता येणार नाही, बघत राहावं लागेल. आणि मग त्यांनी विचारलं, "अंडी घालणाऱ्या कोंबडीला हे दिलं तरी कोणत्या नालायकाने?"

बहीण ऐकत होती. आईही दारात येऊन उभी राहिली होती.

"मी," बाई म्हणाल्या.