तेल उडाल्याचं सांगितलं

मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी, जया वैजयंतीच्या पार्लरमध्ये आली आणि आल्या आल्या तिने दार लोटून घेतलं. दोघी राजुरीच्या शाळेत दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. पुढं वैजयंतीला गावातच दिलं, जया खोडदला गेली. वैजयंतीने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकलं त्याला नऊ वर्षं झाली होती. जया माहेरी आली की रस्त्यावरून हाक मारून पुढं जायची. आत ती कधी आली नव्हती.

पुढच्या बुधवारी तिच्या लेकीचा, इंद्रायणीचा साखरपुडा होता. मुलगा अवसरी बुद्रुकचा. मुलाकडची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा त्याच्या आत्याने जयाला विचारलं होतं, तुम्ही मुलीच्या आजी का? सगळे हसले. जयाही हसली आणि चहा आणायला आत गेली. हे सांगतानाही ती हसतच होती, पण नजर वैजयंतीच्या चेहऱ्यावर होती. वय दोघींचं बेचाळीस. एकीची वीस वर्षं उन्हात गेली होती, दुसरीची पंख्याखाली. नारायणगावात पार्लरं पुष्कळ होती, पण तिथं कोणीतरी ओळखीचं भेटलं असतं. म्हणून आईला भेटायचं निमित्त करून ती इतक्या लांब आली होती.

वैजयंतीने कपाटातलं सगळं टेबलावर मांडलं. फेशियलच्या डब्या, वाफेचं मशीन, गालांवरून फिरवायचा गुळगुळीत दगडी रोलर, लाल दिव्यांचा मुखवटा. जया एकेक वस्तू उचलून विचारत होती, ह्याने काय होतं, किती दिवसांत दिसतं. खरं उत्तर वैजयंतीला माहीत होतं. इतक्या थोड्या दिवसांत वाफ घ्यावी, हलका मसाज करावा, उन्हात जाताना क्रीम लावावं आणि जास्त काही करायला जाऊ नये. पुण्याला दोन दिवसांच्या शिबिरात शिकवणाऱ्या बाईंनी हे वहीत लिहून घ्यायला लावलं होतं. उन्हात काम करणाऱ्या बाईला पील, म्हणजे वरची कातडी सोलवणारं औषध, लावायचं नाही. आधी कानामागे थोडं लावून दोन दिवस थांबायचं. बारीक सुयांचा रोलर फिरवलेल्या चेहऱ्यावर तर अजिबात नाही.

पण शिबिरातून आणलेली पीलची बाटली महिनाभर तशीच पडून होती. गावातली एकही बाई त्याला तयार होत नव्हती. वैजयंतीला मोबाइलवर टाकायला फोटो हवे होते, आधीचा एक आणि नंतरचा एक, शेजारी शेजारी. जयाचा रापलेला चेहरा त्या खुर्चीवर आला तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा फोटोच आला. पुढं कितीतरी दिवस ही एक गोष्ट तिला जेवू देत नव्हती.

तिने जयाला सांगितलं, फेशियलने काही होत नाही, ते कॉलेजच्या पोरींसाठी. तुला वरची कातडीच नवी यायला पाहिजे. मग फोटो काढला, बारीक सुयांचा रोलर गालांवरून आणि कपाळावरून फिरवला आणि वर ब्रशने पील लावलं. थोड्या वेळाने जया म्हणाली, लई आग होतेय गं. ती व्हायचीच, म्हणजे काम करतंय, असं म्हणून वैजयंतीने पंखा वाढवला. पाच मिनिटांनी पुसायचं होतं. तिने आणखी तीन मिनिटं ठेवलं, फरक उठून दिसावा म्हणून.

निघताना तिने उन्हात जाऊ नको असं सांगितलं. कांदा काढणी सुरू आहे, उद्या बाया येणार, मी नाही गेले तर कसं चालेल, असं जया म्हणाली. मग स्कार्फ बांध, एवढंच वैजयंती बोलली.

गुरुवारी सकाळी जयाचा फोन आला. वैजयंती रिकामीच होती. स्क्रीनवरचं नाव पाहून तिने फोन उपडा ठेवला. दुपारपर्यंत तो आणखी दोनदा वाजला. मग थांबला. थांबला तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच तिला किळस आली.

शुक्रवारी संध्याकाळी जयाची आई, चिमाबाई, पार्लरच्या पायरीवर येऊन बसली. म्हातारी गिरणीतून दळण घेऊन चालली होती. साखरपुड्यासाठी शेव तळताना जयाच्या तोंडावर कढईतलं तेल उडालं, सगळा चेहरा भाजला, असं तिने सांगितलं. फोनवर जया रडत नव्हती, पण आवाज निराळा येत होता. मग पदराने कपाळ पुसत चिमाबाई म्हणाली, "वैजू, तुला यातलं कळतं. तुझ्याकडं काय लावायला असंल तर दे बाई. आमचा नातू आदेश उद्या तिकडं जाणार हाये, त्याच्याकडं पाठवते."

वैजयंतीने कोरफडीच्या जेलची ट्यूब आणून दिली. चिमाबाईने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कमरेला खोचली. ती गेल्यावर वैजयंती दार लावून त्याच खुर्चीत बसली. समोर आरसा होता. तिने खुर्ची फिरवून भिंतीकडं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटी घेऊन खोडदला गेली. रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या अँटेनांच्या अलीकडं जयाचं शेत होतं. बांधाला कांद्याच्या पाती पडल्या होत्या आणि बाया काम करत होत्या, पण त्यांच्यात जया नव्हती. जयाचा नवरा दादाभाऊ ओट्यावर पिशव्या शिवत बसला होता. त्याने तिला ताई म्हणून बसायला सांगितलं आणि आपणहोऊन म्हणाला, काय सांगू, पाव्हणं यायला चार दिवस उरले आणि हिच्यामागं हे लागलं.

जया आतल्या खोलीत होती. गालांच्या हाडांवर आणि कपाळावर काळपट खपल्या धरल्या होत्या, कडेची कातडी सुटून लाल दिसत होती. वैजयंतीला रडू फुटणार तोच जयाने बोट ओठांवर ठेवलं आणि दाराकडं मान केली.

"मी तेल उडाल्याचं सांगितलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "तू काय बोलू नको."

"माझ्यासाठी खोटं बोललीस?"

"तुझ्यासाठी न्हाई. पोरगी लग्नाला आली आन आईला नटायचं सुचलं, हे कुनाला सांगू मी? ह्यांना सांगू? इंद्रायणीला?"

वैजयंतीला वाटलं होतं, जया शिव्या देईल. तिने त्या सगळ्या वाटेत मनातल्या मनात ऐकून ठेवल्या होत्या. पण जयाला तिच्याइतकीच लाज वाटत होती, आणि जयाने तर काही केलंही नव्हतं. फक्त आजीसारखं दिसायचं नव्हतं.

औषध आणायला जातो असं दादाभाऊला सांगून तिने जयाला स्कूटीवर मागं बसवलं आणि नारायणगावला कातडीच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. आत गेल्यावर जयाने तेलाची गोष्ट पुन्हा सांगितली. डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढला, केसांच्या कडेला आणि हनुवटीखाली पाहिलं आणि म्हणाल्या, तेल असं एकसारखं पसरून उडत नाही. हे कोणीतरी लावलेलं आहे. दाराबाहेर बाकावर चार माणसं बसली होती आणि दार नीट लागत नव्हतं.

"मी लावलं," वैजयंती म्हणाली. "माझं पार्लर हाये."

मग प्रश्न आले. कोणतं पील, किती टक्क्यांचं, आधी काय केलं होतं, किती मिनिटं ठेवलं. टक्के तिला सांगता आले नाहीत. बाटलीवरचं लेबल इंग्रजीत होतं आणि तिने ते कधी नीट वाचलंच नव्हतं. आधी सुयांचा रोलर फिरवला होता हे तिने सांगितलं. पाच मिनिटांनी पुसायचं ते आठ मिनिटं ठेवलं, हेही सांगितलं. ते जयाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने मान वळवून वैजयंतीकडं पाहिलं आणि परत समोर पाहिलं.

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन मलमं लिहून दिली, खपल्या काढायच्या नाहीत, उन्हात जायचं नाही, मग रोज सनस्क्रीन, असं सांगितलं. डाग जायला सहा महिने तरी लागतील, एखादा राहीलही. उठताना जयाने विचारलं, बुधवारपर्यंत काही लावून झाकता येईल का? काहीही लावू नका, असं त्या म्हणाल्या. वैजयंतीलाही त्या एवढंच म्हणाल्या, "बाईंना आधी साधं सनस्क्रीन दिलं असतं तरी पुरे होतं."

परत येताना जया मागं बसली, पण तिने वैजयंतीच्या खांद्यावर हात ठेवला नाही. सीटची कडा धरली.

साखरपुड्याला वैजयंती जाणार नव्हती. जयाने फोन करून बोलावलं. आली नाहीस तर माणसं विचारतील, असं ती म्हणाली. मांडवात जया डोक्यावरून पदर पुढं ओढून वावरत होती. ओटी भरताना मुलाची आत्या तिच्यासमोर बसली, तिने जयाचा चेहरा निरखून पाहिला आणि चारचौघींना ऐकू जाईल असं म्हणाली, आमच्यासाठी स्वतःच्या हाताने तळायला बसल्या आणि बघा काय झालं, अशी विहीण नशिबाने मिळते. बायका हळहळल्या. इंद्रायणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळ्यांसमोर वाकून आईच्या पायांना हात लावला.

वैजयंती शेजारीच होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात जयाने पदराआडून तिचं मनगट घट्ट धरलं आणि आत्याबाई पुढच्या बाईकडं वळेपर्यंत सोडलं नाही. जयाचा हात घामाने ओला होता. त्या दिवशी दोघींनी एकमेकींकडं पाहिलं नाही.

पीलची बाटली आणि सुयांचा रोलर वैजयंतीने टाकून दिला. मोबाइलमधला फोटोही काढून टाकला. कोणी आठ दिवसांत तरुण दिसायचं विचारलं की ती आता नाही म्हणते, आणि दोन बायका आळेफाट्याच्या पार्लरला जायला लागल्या. पण याने तिला बरं वाटत नव्हतं. चिमाबाई येता-जाता थांबायची. तुझ्या ट्यूबनं लेकीला लई आराम पडला, असं म्हणायची. एकदा तिने परसातली मेथीची जुडी आणून दिली.

मेथी घेतली त्या दिवशी वैजयंतीने तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. फोटोचं, तीन मिनिटांचं, फोन न उचलल्याचंही. चिमाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"आन मी तुझ्याकडंच औषध मागाया आले व्हते," ती म्हणाली.

मग उठली, पायरी उतरून गेली. मेथी परत मागितली नाही.

जयाचे डाग दिवाळीपर्यंत फिकट झाले. डाव्या गालावरचा एक राहिला. ती अधूनमधून फोन करते, इंद्रायणीच्या सासरचं सांगते, कांद्याचं सांगते. चेहऱ्याचा विषय काढत नाही. चिमाबाई अजूनही गिरणीत त्याच रस्त्याने जाते. पार्लर आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालते, आणि वैजयंती ती पुढं जाईपर्यंत दारात यायचं टाळते.