एका तासाला एक चूक

"आपल्या शाळेच्या मागून जी वाहते, ती पवना," पुंडले सर म्हणाले आणि आठवी ब हसली.

सलिल हात वर करायच्या भानगडीत न पडता उभाच राहिला. "सर, पकडली! मुठा, मुठा!"

सरांनी शर्टाच्या खिशातून श्रीखंडाची गोळी काढून त्याला दिली. कसं फसवलं, असं हसूही चेहऱ्यावर आणलं. खडू मात्र हातातून निसटला. त्या तासाला मुद्दाम करायची चूक अजून व्हायची होती. ती ते घरून ठरवून आले होते: कृष्णा अरबी समुद्राला मिळते. पवना त्यांनी आणलेली नव्हती. ती आपली आपण आली होती.

यज्ञेश्वर पुंडले कसबा पेठेतल्या या शाळेत भूगोल शिकवत आणि एका तासाला एक चूक हा त्यांचा जुना रिवाज होता. पोरं झोपू नयेत म्हणून सुरू केलेला. चूक पकडणाऱ्याला गोळी, आणि गोळी तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही, हा पोटनियम. त्यामुळे वर्गातल्या सगळ्यात हुशार पोराचं तोंड काही काळ बंद राहतं, हा फायदा सरांनी कधी कुणाला सांगितला नाही.

हल्ली मात्र चुका न बोलावता येऊ लागल्या होत्या. दिवाळीनंतर सरांनी स्कूटर चोरीला गेल्याची तक्रार दिली. पोलिसांनी ती लगेच शोधून काढली. चौकीच्या दारातच होती. सर तिच्यावर बसूनच तक्रार द्यायला आले होते. हवालदार पोट धरून हसले. सरही हसले. घरी येऊन त्यांनी दाराला कडी लावली आणि ती लावली आहे ना, हे पुनःपुन्हा उठून पाहिलं.

मुलांना वाटे, सर हल्ली फुल फॉर्मात आहेत.

फळ्याशेजारी, पूर्वी जिथे भारताचा नकाशा होता तिथे, संस्थेने 'ज्ञानसखा' बसवला होता. एक पडदा, एक स्पीकर, एक निळा दिवा. मुलं त्याला प्रश्न विचारत, तो उत्तरं देई. शिक्षक बोलत तेही तो ऐकून ठेवी. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढी सभ्यता त्याला शिकवलेली होती. ती शिक्षकांच्या खोलीत अजून कुणाला जमलेली नाही. मधल्या सुट्टीनंतर संस्थेचे कार्यवाह दाते याच वर्गावर तास बघायला येणार होते. त्यांनी विचारलं की ज्ञानसखा सांगणार, चुका किती झाल्या.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर सरांनी दार लोटलं आणि पडद्यासमोर उभे राहून घसा साफ केला.

"अहो, ऐकताय ना?"

"हो, सर. काय मदत करू?"

"जरा खासगी होतं. म्हणजे आमचे एक स्नेही आहेत." पुण्यात माणूस यंत्रासमोरसुद्धा स्नेह्याच्याच नावाने आजारी पडतो. "त्यांना रोजच्या नदीचं नाव आठवलं नाही. मागे गाडीचंही जरा झालं. हे वयाचं असतं, की ते... दुसरं?"

"खात्रीने सांगता येणार नाही. वयामुळे विसरायला होतं. पण रोजच्या गोष्टी वारंवार विसरत असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांना लवकर दाखवावं. त्यांच्याबरोबर घरी कुणी असतं का?"

एवढ्या आपुलकीने हे सरांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे ते जास्तच घाबरले.

"हे आपल्या दोघांतच राहील ना?"

"या वर्गातले संवाद मुख्याध्यापिकांना पाहता येतात."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"आपण विचारलं नव्हतं."

सरांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी निळ्या दिव्यावर हात ठेवून पाहिला. दिवा बोटांतून दिसतच राहिला.

सुट्टी संपली. दाते मागच्या बाकावर कसेबसे मावले. मुख्याध्यापिका बापटबाई दाराशी उभ्या राहिल्या. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, सरांकडे बघत होत्या. वाचलंय यांनी, सर मनात म्हणाले.

"तर, आपल्या शाळेच्या मागून वाहते ती..." सर थांबले. पुढे काहीच नव्हतं, धड पवनासुद्धा. खिडकीबाहेर नदी होती. तिच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं.

"...मुठा."

आली! सर इतके सुटले की त्या प्रवाहाबरोबर वाहतच गेले. मुठेला मुळा मिळाली, दोघी भीमेला मिळाल्या, भीमा कृष्णेला. "आणि कृष्णा थेट अरबी समुद्राला!"

पहिल्या बाकावरचा हात वर गेला.

"हं, सांग, आनंदी."

आनंदी त्याच बाकावर बसायची, हे खरं. पण आता ती तिथे बसलेल्या स्वरालीची आई होती.

स्वराली उभी राहिली. "बंगालचा उपसागर, सर."

दात्यांनी मागून विचारलं, "काय हो ज्ञानसखा, चुका किती?"

"दोन. कृष्णा नदी बंगालच्या उपसागराला मिळते. आणि आनंदी नावाची विद्यार्थिनी या वर्गाच्या पटावर नाही."

"पुंडले, अहो, दोन-दोन? आणि मी समोर बसलेला असताना?" दाते म्हणाले. "मी नसताना काय करत असाल!"

सरांनी खिशातल्या गोळ्या चाचपल्या.

"सर, दोन्ही मुद्दाम होत्या," स्वराली दात्यांकडे वळून म्हणाली. "एक चूक भूगोलाची, एक आमची. लक्ष आहे का, ते बघायला. रोज असतं. हो ना रे?"

"हो!" आठवी ब ओरडली. इतकं एकमत त्या वर्गात सहलीच्या ठिकाणाबद्दलही झालं नव्हतं.

"त्याला नाही माहीत," सलिल पडद्याकडे बोट करून म्हणाला. "तो न्यू अ‍ॅडमिशन आहे."

दाते खूश झाले. ही युक्ती त्या यंत्रात घालून घ्या, असं सांगून चहाला गेले.

बापटबाई जवळ आल्या. "उद्या शाळेत येऊ नका. माझी जाऊ मेंदूची डॉक्टर आहे. नातेवाइकांनासुद्धा वेळ देत नाही. तुमच्या स्नेह्यांना सकाळची दिलीय."

"मॅडम, ते स्नेही म्हणजे..."

"मी येते न्यायला. स्नेह्यांना म्हणावं, स्कूटर काढू नका."

घंटा झाली. मुलं बाहेर पळाली. स्वराली दप्तर भरत रेंगाळली. सरांनी तिच्या हातावर एक गोळी ठेवली आणि दुसरी पुढे केली.

"ही नको, सर."

"का? दोन पकडल्यास ना?"

"एकच पकडली." तिने दप्तर पाठीला लावलं. "येते, सर."

वर्ग रिकामा झाला. दिवा निळाच होता.

"मागची नदी मुठा," सर भिंतीकडे बघून म्हणाले. "बरोबर?"

"बरोबर. अजून काही विचारायचं आहे का?"

होतं. सरांनी उरलेल्या गोळीचा कागद सोडवला आणि ती तोंडात टाकली.