कितीबी पिळा!

“काका, तेवढं एक उतरवू द्या ना! साहेब जिन्यापर्यंत आलेत.” व्यंकटरावांच्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवणारा विश्वजीत घामाघूम झाला होता.

“तेवढं एक म्हंजे कोणतं?” व्यंकटरावांनी मुद्दाम विचारलं.

कोणतं ते दोघांनाही ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी शहागंजच्या एका गल्लीत नगरसेवकानं नळाचं उद्घाटन केलं. फीत होती, हार होते, पाइपलाइन तेवढी नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपरात व्यंकटरावांनी त्याच्या नाकाचाच नळ केला. समोर हंडा घेतलेली बाई म्हणतेय, “कितीबी पिळा, थेंब येत नाय!” तोच नगरसेवक आता साहेब झाला होता, आणि व्यंकटरावांना शाल पांघरवायला तोच येत होता. असले सत्कार!

हात थरथरायला लागल्यापासून व्यंकटरावांनी पेन धरलं नव्हतं. सकाळपासून लोक चित्रं बघून “किती गोड!” म्हणत होते. गोड? आयुष्यभर चिमटे काढले ते गोड म्हणवून घ्यायला? त्यांना ती आपलीच शोकसभा वाटत होती.

“अजून झोंबतंय व्हय त्याला?”

“झोंबतंय म्हणजे? पीएचे दोन फोन आले, काका!”

म्हातारा एकदम खुलला. “मग काढ. पण चित्रच काढ. खालच्या ओळीला हात लावायचा नाय.”

“लई उपकार झाले, काका!” विश्वजीतला तेवढंच हवं होतं. फ्रेमा बनवणारे गयासभाई, व्यंकटरावांचे जुने दोस्त, स्टुलावर चढले. “हौ रे व्यंकट, समझ गया मैं,” म्हणत त्यांनी फ्रेम उतरवली. भिंतीवर खिळा उरला, आणि खाली कागदाच्या पट्टीवर ती ओळ.

साहेब आले. मोकळी भिंत बघून फोटोग्राफरनं त्यांना नेमकं तिथंच उभं केलं. शहागंजहून आलेल्या बिल्किसआपांनी साहेबांच्या खांद्याशेजारची ओळ मोठ्यानं वाचली, “कितीबी पिळा, थेंब येत नाय!”

अख्खा हॉल हशानं फुटला. पीएशी बोलणाऱ्या साहेबांचं त्या ओळीकडं लक्षच नव्हतं; आपल्यावर लोक खूश आहेत असं वाटून तेही हसले, हात जोडून.

“गयास, पेन दे.”

“हाथ कांपता ना तेरा?”

“कापू दे.”

निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर रेष थरथरत गेली, दोनदा तुटली. नाक मात्र बरोब्बर आलं.