दोघांपुरती गाडी

बेळगावहून निघून काकती गाव ओलांडल्यावर गाडी पहिल्यांदा उकळली, तेव्हा मला आनंद झाला. दुसऱ्या कुठल्या बाईला झाला नसता काय? माझ्या मांडीवर गाठोडं होतं. त्यात लुगडं, खण, नारळ आणि हळदकुंकवाच्या पुड्या. निपाणीला जाऊन एका मुलीची ओटी मी माझ्या हातानं भरायची होती, आणि ती मुलगी माझ्या नवऱ्याची दुसरी बायको व्हायची होती. लुगडं आमच्याच मागावरचं. त्याच्या सुताच्या कांड्या भरायला सासूबाईंनी मुद्दाम मलाच बसवलं होतं.

आमच्या यांचं नाव आण्णाप्पा. आज लिहिताना घेते, तेव्हा घेत नव्हते. वडगावात आमचे माग होते, शहापूरच्या बाजारात यांच्या शब्दाला मान होता. कॅम्पातला एक गोरा साहेब बदली होऊन निघाला, तेव्हा त्याची जुनी, लांब नाकाची, शर्यतीत पळायची गाडी यांनी घेतली. तिच्यात दोनच माणसं बसायची. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो कसला गाडा? म्हातारीनं कुटं बसायचं?" मी मात्र मनातून खूश झाले. वाटलं, दोघांच्या गाडीत तिसऱ्याची अडचण नको. पण लग्नाला नऊ वर्षं होऊन पाळणा हलला नाही की लोकांना तिसऱ्यासाठी कुठंही जागा दिसते.

गाडीचं दुखणं गेल्या उन्हाळ्यापासूनचं. तिच्या नाकामागं पितळेची उभी जाळी असते, रेडिएटर म्हणतात. इंजिनाचं तापलेलं पाणी वरून तिच्यात शिरतं, गार होत खाली उतरतं आणि परत इंजिनात जातं. ती जाळी गळू लागली. कॅम्पातला मिस्त्री म्हणाला, झाळून घ्या. पण हे पडले कोष्ट्याचे! ताण्याच्या उभ्या सुताला खळ दिली की ते तुटत नाही, मग पितळ कशाला गळतंय? आम्ही सुताला लावतो ती तांदळाची पातळ खळ यांनी वरच्या टोपणातून ओतली. आणि गळती खरोखर थांबली! मग काय विचारता, आठवडाभर गल्लीत यांच्या मिशा खाली येईनात.

पुढं गाडी तापायला लागली. यांनी पंख्याचा पट्टा बदलला. पंखा काढून घासला. तेल बदललं. पंप खोलून पुन्हा बसवला. सासूबाईंनी चाकाखाली लिंबं चिरडायला लावली. गाडी तापतच राहिली.

काकतीजवळ थांबून, गार होऊ देऊन, पाणी ओतून निघालो. हत्तरगीच्या अलीकडं पुन्हा वाफ. यांचा जीव वरखाली. राहुकाळ लागायच्या आत निपाणी गाठायची होती. तिथं मुलीचे मामा मारुतीराव, तंबाखूचे दलाल, पानसुपारी मांडून वाट बघत होते. हे दोन मिनिटं एका जागी उभे राहीनात. चाकाला लाथ, आभाळाकडं नजर, फेटा काढ, फेटा घाल.

"टोपण काडाय फडकं दे गं, हात भाजतोय."

मी गाठोडं सोडून नवीन लुगडं पुढं केलं.

"येडी का खुळी तू? तिचं लुगडं हाय ते!"

"फडकंच म्हणालासा न्हवं?"

यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं लुगड्याची घडी घातली. तिचं लुगडं! मुलगी अजून डोळ्यांनी बघितली नव्हती, आणि तिचं लुगडं भाजू नये म्हणून एवढी काळजी.

संकेश्वरच्या नदीपाशी चढ लागला आणि गाडी तिसऱ्यांदा बसली. पुलाखाली परटांची धुणी चालली होती. रवळू म्हणून एक म्हातारा परीट भट्टीवर कपडे उकळत होता. त्यानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. हे बॉनेट उघडून आत डोकं घालून बसले. मी खाली उतरले. बसून राहवेना, उभं राहवेना. निपाणी जवळ आली होती.

जाळीच्या मागून वाफ थांबल्यावर मी सहज हात लावला. ताणा ओला आहे की वाळला, हे आम्ही तळव्यानंच बघतो. वरच्या अंगाला हात लावला तर चटका बसला. खाली नेला, तर जाळी नदीच्या गोट्यासारखी गार.

"अवो, वर भाजतंय आनि खाली गार हाय."

"मग?"

"मग पानी खाली उतरंना झालंय. वाट बुजलीया. खळ बसलीया तुमची."

"खळीचं नाव काडू नगंस! खळीनं गळती थांबली. पंपातच काय तर हाय."

पंप पुन्हा खोलला. पंप ठणठणीत. पट्टा ओढून बघितला, घट्ट. पंखा हातानं फिरवला, फिरला. आता बघायचं काही उरलं नव्हतं, यांनी स्वतः ओतलेलं सोडून. घाम पुसत यांनी जाळीच्या खालची रबरी नळी सैल केली. आधी चार थेंब आले. मग पांढरा, चिकट, आंबलेला गोळा बदकन् पायावर पडला.

वास असा की परटाचं कुत्रं उठून गेलं.

मी हसले नाही. हसायला खूप आलं होतं. रवळू भट्टीवरून म्हणाला, "कोऱ्या कापडाची खळ सोड्याच्या कडत पान्यानं सुटती. न्या की हितलं." इंजिन निवल्यावर मी घागरीनं सोड्याचं ऊन पाणी आणत गेले आणि हे वरून ओतत गेले. गोळे आले, मग पिठूळ पाणी, मग नुसतं पाणी. शेवटी साध्या पाण्यानं धुऊन नळी बसवली आणि जाळी भरली. खळ गेली तशी जुनी गळतीही परत आली, टिपूस टिपूस. पण पाणी आता वरून खाली फिरत होतं. यांनी हँडल मारलं, इंजिन धडधडलं. थोड्या वेळानं यांनी जाळीला वर हात लावला, खाली लावला, आणि लहान पोरासारखे ओरडले, "सापडलं गं! सापडलं! आता जाऊ निपाणीला उडत!"

तो आनंद बघून माझं डोकं फिरलं.

"सापडनारच की," मी म्हणाले. "पट्टा बगितलासा, पंखा बगितलासा, पंप दोनदा खोललासा. शेवटाला आपुन काय केलं तेबी बगितलंसा. एका गाडीसाटी एवडं! घरात मूल न्हाय म्हटल्यावर काय खोलून बगितलंसा वो? दुसरं कायबी बगितलं न्हाय. सरळ बायकू बदलाय निगालासा."

"मालू, हळू बोल. परीट ऐकतोय."

"ऐकू दे! मी दवाखान्यात जाऊन आले, दाक्तरणीनं सगळं तपासलं. माज्यात काय खोट न्हाय म्हणाली, मालकास्नी घिऊन ये म्हणाली. मी सांगितलं तर तुमी जेवान टाकलंसा, माज्यासंगं बोलना झालासा. आनि आता त्या पोरीला आनून बशिवनार. तीबी न्हाय फळली तर तिसरी. खळीवानी हितंबी खोट तुमच्याकडंच असंल तर? त्ये कोन बगनार?"

खाली रवळूनं कपडे आपटायचा आवाज एकदम वाढवला. भला माणूस.

यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. हात उचलतील असं वाटलं. नाही उचलला. बॉनेट लावलं, हात पुसले, गाडीत जाऊन बसले. मीही बसले, गाठोडं मांडीवर घेतलं. बोलून गेले होते, पण पुढची वाट निपाणीचीच होती. इंजिन चालू, गाडी जागची हलेना. हे स्टिअरिंगचं चाक धरून समोर बघत बसले. नदीवरची धुणी वाळत घालून झाली.

मग हे इतकं हळू बोलले की इंजिनाच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं.

"दाक्तरीण काय इचारती गं?"

माणूस घाबरला होता. नऊ वर्षांत मला हे कधी दिसलं नव्हतं. एवढा रागावलेला, मिशांवाला, शर्यतीच्या गाडीतला माझा नवरा नुसता घाबरलेला होता. माझा राग एकदम कुठं गेला कळलं नाही, रडूच आलं.

"आदी नाव इचारती," मी म्हणाले.

"मग?"

"मग मी हाय की संगं."

"मारुतीराव वाट बगत बसल्यात."

"बसूदेत."

रस्ता अरुंद, गाडीचं नाक लांब. तिचं तोंड बेळगावकडं करायला यांना कितीदा तरी मागंपुढं करावं लागलं. एकदा मागचं चाक खड्ड्यात गेलं, एकदा झाडाला घासलं. एरवी मी यांना बोलून बोलून हैराण केलं असतं. त्या दिवशी मी खाली उतरले आणि मागून ढकलू लागले.