आडवं माप

मी हुशार माणूस आहे, हे दुसऱ्यांनी सांगायची वाट मी कधी बघितली नाही. दिंडोशीच्या आमच्या पाच मजली सोसायटीत कुणाचाही वाद असो, निकाल द्यायला हा निहार हजर. मग देवेशशी खेळताना मी मागे कसा राहीन?

खेळ म्हणजे छोट्या सैनिकांची लढाई. दर शनिवारी दुपारी सोसायटीच्या ऑफिसातलं टेबल रिकामं करायचं, थर्माकोलच्या टेकड्या मांडायच्या, बुटांच्या खोक्यांचे बुरूज रचायचे आणि बोटाच्या पेराएवढे, आम्हीच रंगवलेले सैनिक टेपने मोजून मोजून पुढे सरकवायचे. पोटं सुटलेली दोन माणसं, पण एका इंचासाठी आठवडाभर अबोला धरलाय आम्ही.

सगळ्यात मोठं भांडण बुरुजावरून झालं. माझा तिरंदाज चौदा इंच उंच बुरुजावर, देवेशचा सरदार खाली टेबलावर. बाणाचा पल्ला चोवीस इंच. देवेशचं म्हणणं, टेप तिरपी धर, वरच्यापासून खालच्यापर्यंत. तशी धरली तर सव्वीस भरत होते आणि माझा बाण वाया जात होता.

"उंची सोडून दे रे," मी म्हणालो. "वरून बघायचं, आडवं मोजायचं. तिरपी धरली की टेप लोंबते, दर वेळी वेगळा आकडा. कशाला कटकट?"

आडवे बावीस भरले. सरदार मेला. तासभर डोकं खाल्ल्यावर देवेश कंटाळून हो म्हणाला, आणि मी लगेच पुठ्ठ्यावर नियम लिहिला: उंची मोजायची नाही. खाली दोघांच्या सह्या.

तेवढ्यात देवेशची आई भजी घेऊन आली. शेवंतीकाकू मूळच्या मालवणकडच्या, पाचव्या मजल्यावर मुलाबरोबर राहायच्या. लिफ्ट बंद होती, त्यामुळे गुडघे धरत धरत उतरल्या होत्या. "एवढे घोडे झाले तरी भावले घेवन खेळतत," असं म्हणत त्यांनी तो पुठ्ठा मुलाकडून वाचून घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे चढाचा ता फुकट? माझ्या गुडघ्यांका विचार!"

"आई, खेळ आहे गं," देवेश हसत म्हणाला. मीही हसलो. भजी झकास होती.

पुढच्या महिन्यात सोसायटीने आगीसाठी पाइप घ्यायचं ठरवलं. मजल्यांवर आग विझवायचे नळ नव्हते, आवारातल्या पंपालाच पाइप जोडायचा होता. कमिटीत मी होतोच. पंपापासून सगळ्यात लांबच्या घरापर्यंत किती लागेल? मी इमारतीचा नकाशा त्याच टेबलावर पसरला आणि खेळातलीच टेप काढली. हिशोबाने एकवीस मीटर आले. मी पंचवीसचा घ्यायला सांगितला, चार मीटर जास्तच.

नकाशा वरून बघून काढलेला असतो. त्यात तळमजला आणि पाचवा मजला एकाच कागदावर चपटे होऊन पडलेले असतात. मला एकदाही खटकलं नाही. बरं, दुसऱ्या कुणालाही नाही. चाचणीच्या दिवशी पाइप आवारात लांबलचक पसरला, पाणी पार समोरच्या भिंतीवर आदळलं, टाळ्या पडल्या, ग्रुपवर फोटो गेले.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमचा डाव मांडलेला असतानाच चौथ्या मजल्यावरच्या वायरिंगने पेट घेतला. जिना धुराने भरला. देवेश पाइपचं तोंड घेऊन वर धावला. मी पंप चालू करून खाली जिन्याशी पाइप सोडत राहिलो. तिसऱ्या मजल्यावरून तो ओरडला, "सोड ना अजून!"

माझ्या हातात पाइप ताठ झाला होता. "संपला रे!" मी खालून ओरडलो. "पोचत नाही!"

त्याने पाइप टाकला आणि तसाच धुरात घुसला. बंब आला तेव्हा तो आईला कवेत घेऊन गच्चीवर बसला होता. काकू तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच वारल्या. धूर फार आत गेला होता, एवढंच डॉक्टर म्हणाले.

मीटिंगच्या वहीत मी लिहिलं, पाइप कमी लांबीचा निघाला. निघाला! जणू दुकानदाराने कापून दिला. सगळ्यांनी दुकानदाराला शिव्या घातल्या आणि मी मान डोलावली. देवेशला खरं सांगायचं, असं मी वर्षभर रोज सकाळी ठरवलं. तो समोर आला की माझी दातखीळ बसायची. भित्रा आहे मी, हुशारबिशार काही नाही.

गेल्या शनिवारी त्याचाच फोन आला. "खाली ये. खेळू."

टेबलावर टेकड्या नव्हत्या, सैन्य नव्हतं. एकच बुरूज, वर माझा तिरंदाज, खाली त्याचा सरदार. नियमाचा पुठ्ठा बाजूला ठेवलेला. आज सांगायचंच, असं मनाशी म्हणत मी बसलो. त्याने टेप माझ्या हातात दिली.

"मोज."

माझा हात सवयीने आडवा गेला. "बावीस," मी म्हणालो. "लागतो बाण."

देवेश माझ्या हाताकडे बघत होता. "पाइप पण असाच मोजलास ना?"

"हो." वर्षभर अडलेला शब्द एवढासाच होता. "दुकानदाराने काही केलं नाही. मी इथे बसून नकाशावर मोजला."

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडून टेप घेतली, एक टोक तिरंदाजाच्या पायाशी धरलं आणि तिरपी खाली आणली. चोवीसवर बोट ठेवलं. तिथून सरदारापर्यंत दोन इंच नुसती हवा होती.

"पोचत नाही," तो म्हणाला.

मग त्याने पुठ्ठा उचलला. सह्यांवरून अंगठा फिरवला, आधी माझ्या, मग स्वतःच्या.

"आईने विचारलं होतं रे, चढायचं ते फुकट का म्हणून. मी काय म्हणालो, आठवतंय?"

आठवत होतं.

"खेळ आहे गं," तोच म्हणाला, आणि सैनिक खोक्यात भरायला लागला.