मावशींच्या हातचा चहा

माझी बायको शोभा गेली तेव्हा तेरवीपर्यंत मी हातमाग बंद ठेवला. घरात मयत झाली की मागाच्या धोट्याला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्या तेरा दिवसांत कुणी गिऱ्हाईक दाराचं कुलूप बघून परत गेलं आणि त्या शहाण्याने मोबाइलच्या नकाशावर आमच्या दुकानापुढे 'कायमचे बंद' असं टाकून दिलं. मला याचा पत्ता दोन महिन्यांनी लागला, तोही शेजारच्या प्रतिक्षाने दाखवलं म्हणून. तोवर मी रोज दार उघडून बसत होतो आणि मोहाडीला कोसा रेशमाच्या साड्या घ्यायला कुणी येत नाही म्हणून साऱ्या जगाला शिव्या घालत होतो.

प्रतिक्षा म्हणाली, यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुरुस्त करायला सांगू शकतं. मग तिने गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो दाखवले. एकात शोभा चरख्यावर मागासाठी धाग्याच्या कांड्या भरत बसलेली, तोंड उघडं, बहुतेक मलाच काहीतरी सुनावत असावी. खाली पाच-सहा जणांनी तिच्या चहाबद्दल लिहिलं होतं. माझ्याबद्दल कुणीच नाही. तीस वर्षांत मी तिचा असा एक फोटो काढला नव्हता.

प्रतिक्षाने दुरुस्ती पाठवली आणि चार दिवसांनी नकाशावर दुकान उघडलं. पहिलीच बाई साकोलीहून आली. साडी बघायच्या आधी तिने रिकाम्या चरख्याकडे पाहिलं.

"मावशी कुठं आहेत? साऱ्यांनी त्यांच्या चहाचं लिहून ठेवलं आहे."

शोभा कुठे आहे, असं इतक्या दिवसांत मला कुणी विचारलं नव्हतं. गावात साऱ्यांना ठाऊकच होतं. खरं सांगायला गेलो आणि भलतंच बोलून बसलो.

"आतमंदी आहे. चहा मांडून राहिली."

आत जाऊन मीच चहा ठेवला. ती आलं ठेचून घालायची, वर चिमूटभर मीठ. भांडी मुद्दाम जरा वाजवली. कप बाहेर आणून दिला आणि ती लाजते म्हणून सांगितलं. शोभा आयुष्यात कुणाला लाजली नाही.

जाताना बाई आतल्या दाराकडे बघून "येते मावशी" म्हणाली आणि थोडी थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने लिहिलेलं प्रतिक्षाने वाचून दाखवलं. दुकान चालू आहे, मावशींच्या हातचा चहा अजून तसाच आहे. वाचून पोरगी माझ्याकडे वळली.

"काका, हे त चुकीचं लिहिलं. दुरुस्त कराले सांगू का?"

"राहू दे," मी म्हणालो आणि चरख्यावर कांड्या भरायला बसलो.